ताडोबातला वाघ कॅमेऱ्यात 'सापडतो', मग क्वांटम कण मोजताना वेगळं काय घडतं?

भद्रावती तालुक्यातल्या मोहर्ली गेटातून ताडोबात शिरलं की जिप्सीत बसलेल्या प्रत्येकाचे डोळे एकच गोष्ट शोधत असतात. वाघ दिसला तर फोटो आणि स्टेटस. नाही दिसला तर गाईडचं ठरलेलं सांत्वन: "तुम्हाला वाघ दिसला नसेल, पण वाघानं तुम्हाला नक्की पाहिलंय."

या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती कुणालाच खटकत नाही. वाघ दिसला नाही तरी तो कुठेतरी होताच. बांबूत असेल, पाणवठ्याच्या पलीकडे असेल, पण कुठल्या तरी एका जागी होता.

वाघांची मोजणीही याच भरवशावर चालते. जंगलातल्या पायवाटांवर समोरासमोर दोन ट्रॅप कॅमेरे बांधतात. दोन यासाठी, की वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांसारखे नसतात आणि ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. प्राणी समोरून गेला की कॅमेरा फोटो काढतो. कुठला वाघ कितीदा टिपला गेला यावरून संख्येचा अंदाज बांधला जातो. फोटो हा पुरावा असतो. वाघ आधीपासून तिथं होता, कॅमेऱ्यानं फक्त नोंद केली.

रोजच्या जगण्यात मोजमापाचा अर्थ एवढाच आहे. तराजू वजन सांगतो, थर्मामीटर ताप सांगतो, भूमी अभिलेखचा माणूस शेताचा बांध मोजतो. मोजणीवरून भांडणं होतात ती वेगळी गोष्ट, पण शेत मोजल्यामुळे शेत तयार झालं असं कुणी म्हणत नाही.

अणूंच्या जगात नेमकी हीच समजूत टिकत नाही. ती टिकत नाही हे फक्त कागदावरच्या समीकरणातून नव्हे तर प्रयोगातून दिसलंय, आणि त्यातला एक प्रयोग पुण्यात झालाय.

पण आधी रील्समधल्या 'क्वांटम'बद्दल थोडं. "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की तुम्ही पाहता म्हणून जग अस्तित्वात येतं", "मनानं वास्तव घडवा" अशा वाक्यांचा सध्या सुळसुळाट आहे. त्यांच्या जोरावर कोर्स विकले जातात, लॉकेटं विकली जातात, दुखण्यावरचे 'क्वांटम' उपायही विकले जातात. यात दोन वेगळी विधानं एकत्र कालवलेली असतात. एक, मोजल्याने कणाच्या स्थितीत फरक पडतो. हे खरं आहे. दोन, तो फरक पाहणाऱ्याच्या मनामुळे पडतो. याला कुठल्याही प्रयोगाचा आधार नाही. पहिल्या विधानाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यात जमा करून दुकान चालतं. म्हणून ही दोन विधानं आधी वेगळी करायला हवीत.

नाल्याकाठचा वाघ आणि तीन वेळा

समजा जंगलात एक नाला आहे. वाघ एकतर नाल्याच्या अलीकडे असतो, नाहीतर पलीकडे. आपल्याला त्याची जागा तीन वेळा तपासायची आहे: संध्याकाळी ६ वाजता, ७ वाजता आणि ८ वाजता.

पण एक अट आहे. कुठल्याही एका दिवशी तीनपैकी दोनच वेळी कॅमेरे चालू ठेवायचे. काही दिवस फक्त ६ आणि ७ ला, काही दिवस फक्त ७ आणि ८ ला, आणि काही दिवस फक्त ६ आणि ८ ला.

पहिल्या प्रकारच्या १०० दिवसांची नोंद पाहिली. ६ ते ७ दरम्यान वाघानं बाजू बदलल्याचं २५ दिवशी आढळलं. दुसऱ्या प्रकारच्या १०० दिवसांत ७ ते ८ दरम्यानही बाजू २५ दिवशीच बदललेली दिसली.

आता तिसऱ्या प्रकारचे १०० दिवस. ७ चा कॅमेरा बंद, फक्त ६ आणि ८ चे चालू. बाजू बदललेली जास्तीत जास्त किती दिवशी दिसेल?

उत्तर आहे ५०. वाघ ६ ला अलीकडे आणि ८ ला पलीकडे असेल, तर त्यानं नाला ६ ते ७ मध्ये ओलांडला असेल नाहीतर ७ ते ८ मध्ये. पहिल्या तासात ओलांडण्याचे दिवस २५, दुसऱ्या तासातले २५. दोन्ही तासांत ओलांडला तर तो पुन्हा मूळ बाजूला आला, म्हणजे तो दिवस यात धरायचाच नाही. कसंही मांडा, आकडा ५० च्या वर जात नाही. चौथीतल्या पोरालाही पटेल असा हिशोब आहे.

या हिशोबात न सांगता दोन गोष्टी धरल्या आहेत. पहिली, ७ चा कॅमेरा बंद असला तरी ७ वाजता वाघ अलीकडे किंवा पलीकडे होताच. दुसरी, कॅमेऱ्यामुळे वाघ बुजत नाही, फोटो निघाला म्हणून त्याची पुढची चाल बदलत नाही.

१९८५ साली अँथनी लेगेट आणि अनुपम गर्ग या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी याच दोन गृहीतकांवरून एक गणिती मर्यादा मांडली. ती 'लेगेट-गर्ग असमानता' म्हणून ओळखली जाते. अर्थात त्यांच्या डोळ्यासमोर वाघ नव्हता, अतिवाहक धातूच्या कड्यांतला विद्युतप्रवाह होता. पण हिशोब हाच. एखाद्या गोष्टीनं ही मर्यादा ओलांडली, तर दोन गृहीतकांपैकी निदान एक त्या गोष्टीला लागू नाही. एकतर न पाहता ती 'कुठल्या तरी एका बाजूला' नव्हती, नाहीतर तिला धक्का न लावता पाहताच येत नाही.

१०० पैकी ७५

आता वाघाच्या जागी अणूचं केंद्रक ठेवू. काही अणुकेंद्रकं इवल्याशा चुंबकासारखी वागतात. त्यांच्या या गुणधर्माला स्पिन म्हणतात. चुंबकीय क्षेत्रात ठेवली की त्यांची दिशा भोवऱ्याच्या झुकलेल्या आसासारखी गोल फिरत राहते.

पण या फिरणाऱ्या केंद्रकाला विचारता येतो तो ठरावीक प्रश्न: तू या दिशेला आहेस की उलट? आणि उत्तरही दोनपैकी एकच मिळतं. 'थोडा इकडे, थोडा तिकडे' असं उत्तर कधीच येत नाही. नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, तसंच.

दोन वेळांमधलं अंतर असं निवडलं, की तेवढ्या वेळात केंद्रक ६० अंश फिरेल. क्वांटम मेकॅनिक्सचं गणित सांगतं की पहिलं आणि दुसरं उत्तर १०० पैकी २५ वेळा वेगळं येईल. दुसरं आणि तिसरंही तसंच, २५ वेळा. आता मधल्या वेळी काहीच विचारलं नाही, तर पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत केंद्रक १२० अंश फिरतं. तेव्हा उत्तर वेगळं येण्याचं प्रमाण किती? १०० पैकी ७५.

वरच्या हिशोबात कमाल मर्यादा ५० होती.

आणि मधला कॅमेरा चालू केला तर? म्हणजे तिन्ही वेळी विचारलं तर? मग पहिलं आणि तिसरं उत्तर वेगळं येण्याचं प्रमाण ७५ वरून ३७-३८ वर घसरतं, अगदी वाघाला शोभेल असं. मध्ये कुणी विचारलं होतं की नव्हतं, यावर शेवटचा आकडा ठरतो.

'मोजल्याने फरक पडतो' या विधानाचा नेमका अर्थ हा आहे. त्यात गूढ भाषा लागत नाही. ७५ आणि ५० या दोन आकड्यांतली तफावत पुरेशी आहे.

पुण्यातला प्रयोग

हा आकड्यांचा खेळ प्रत्यक्ष तपासायचं काम पुण्याच्या 'आयसर'मध्ये झालं. कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेजातले विक्रम आठल्ये, आणि आयसरमधले सौम्य सिंघा रॉय व टी. एस. महेश यांनी २०११ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकानं जगातल्या सर्वांत कडक तपासणीच्या नियतकालिकांपैकी एकात, भौतिकशास्त्राच्या मुळाशी असलेल्या प्रश्नावर निबंध छापणं ही आपल्याकडे रोज घडणारी गोष्ट नाही. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

त्यांचं यंत्र होतं एनएमआर. हॉस्पिटलात एमआरआय काढतात त्याच तत्त्वावर ते चालतं: जोरदार चुंबक आणि रेडिओ लहरी. रेणूतल्या दोन अणुकेंद्रकांची जोडी घ्यायची. त्यातलं एक 'लक्ष्य', म्हणजे आपला वाघ. दुसरं 'तपासनीस', म्हणजे कॅमेरा. रेडिओ लहरींचे मोजूनमापून ठोके देऊन असं घडवायचं, की लक्ष्य ज्या स्थितीत असेल त्याप्रमाणे तपासनीस बदलेल. शेवटी वाचायचं ते तपासनीसाला.

निष्कर्ष दोन निघाले. वेळेची अंतरं लहान होती तेव्हा लेगेट-गर्ग मर्यादा मोडली. वाघाचा हिशोब अणुकेंद्रकांना लागू पडला नाही.

दुसरा निष्कर्ष जास्त बोलका आहे, आणि त्याकडे लोकांचं कमी लक्ष जातं. जसजसा वेळ गेला तसतसे केंद्रकांचे हे संबंध विरत गेले, आणि तीच केंद्रकं मर्यादा पाळू लागली. कुणी त्यांना जास्त निरखून पाहिलं म्हणून नव्हे, तर आजूबाजूच्या गोष्टींशी त्यांची सतत देवाणघेवाण चालू होती म्हणून. थोडक्यात, थोडा वेळ जाऊ दिला की तीच केंद्रकं वाघासारखी वागायला लागली.

या प्रयोगावर आक्षेप घेता येतात आणि ते घ्यायलाच हवेत. एनएमआरमध्ये एकेक रेणू वाचता येत नाही, असंख्य रेणूंची एकत्रित सरासरी वाचावी लागते. शिवाय एक जुना प्रश्न उरतोच: मोजतानाच धक्का लागला असेल तर? मग नवल कसलं? वाघाच्या तोंडावर फ्लॅश मारायचा आणि वर म्हणायचं, बघा, याची चाल बदलली.

या आक्षेपावर एक सुंदर तोड आहे. समजा कॅमेरा फक्त नाल्याच्या अलीकडेच लावला आणि त्यात वाघ आला नाही. मग वाघ पलीकडे आहे हे कळलं, आणि कॅमेऱ्यानं त्याला काही केलंही नाही. फक्त अशाच, 'न सापडल्याच्या' नोंदी वापरायच्या, मग सगळा हिशोब पूर्ण करायला कॅमेरा एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे लावायचा. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत उर्बशी सिन्हा यांच्या गटानं प्रकाशाचे एकेक कण, म्हणजे फोटॉन, घेऊन असाच प्रयोग केला. प्रयोगातल्या पळवाटा बंद करून त्यांनी २०२२ मध्ये तो प्रसिद्ध केला. मर्यादा तिथेही मोडली.

म्हणजे 'यंत्राचा हात लागला म्हणून कण हलला' एवढ्यावर भागत नाही. शाळा-कॉलेजात हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्व शिकवताना हेच स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. ते अपुरं आहे.

मग पाहणारा कोण?

वरच्या कुठल्याही प्रयोगात कुणाच्या डोळ्यांचा, मनाचा किंवा जाणिवेचा संबंध आला नाही. पुण्यात 'पाहणारं' होतं ते शेजारचं अणुकेंद्रक. ते काही विचार करत नाही.

मोजमाप म्हणजे नेमकं काय, हे बघायचं तर मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, यावं लागेल. तिथं आर. विजयराघवन यांची प्रयोगशाळा आहे. तिच्या नावातच मोजमाप आहे: क्वांटम मेझरमेंट अँड कंट्रोल लॅब. तिथं अतिवाहक धातूच्या सर्किटांपासून क्युबिट बनवले जातात. क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा मूलभूत घटक. साध्या कॉम्प्युटरचा बिट ० असतो किंवा १. क्युबिट ० आणि १ यांच्या मिश्र स्थितीतही राहू शकतो, पण मोजला की उत्तर ० नाहीतर १ यांपैकी एकच मिळतं.

चिप ठेवावी लागते निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक-दोन शतांश अंश वर. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, हे तापमान त्याच्या तीनशेहून जास्त अंश खाली. इतका गारठा कशासाठी? उष्णता म्हणजेच धक्काबुक्की, आणि धक्काबुक्की म्हणजे नको असलेलं मोजमाप.

क्युबिट वाचायचा कसा? त्याच्या शेजारच्या पोकळीत मायक्रोवेव्हचा अतिशय क्षीण सिग्नल पाठवतात. क्युबिट ० असेल तर परत येणारा सिग्नल किंचित एका बाजूला सरकलेला असतो, १ असेल तर दुसऱ्या बाजूला. हा फरक इतका बारीक असतो की तो ओळखू येईपर्यंत खास अ‍ॅम्प्लिफायरमधून वाढवत न्यावा लागतो. शेवटी तो कॉम्प्युटरच्या मेमरीत आकडा म्हणून उतरतो. तो आकडा कुणी वाचला नाही, रात्री लॅबला कुलूप लावून सगळे घरी गेले, तरी मोजमाप झालेलंच असतं. क्युबिटवर जो परिणाम व्हायचा तो सिग्नल जाऊन आला तेव्हाच झाला.

यातली आणखी एक गंमत अशी, की मोजमाप झटक्यात व्हावं लागत नाही. सिग्नल पुरेसा क्षीण ठेवला तर माहिती थोडीथोडी बाहेर येते, आणि क्युबिटची स्थितीही थोडीथोडी बदलत जाते. टीआयएफआरमध्ये येण्याआधी विजयराघवन अमेरिकेत बर्कले इथं असताना त्यांनी सहकाऱ्यांसह हेच करून दाखवलं होतं. क्युबिट एका स्थितीतून दुसरीत उडी मारतो तो क्षण त्यांनी सतत मोजत टिपला. २०१२ साली तर चालू मोजमापाच्या आधारे क्युबिटला वेळच्या वेळी सावरत, त्याची आंदोलनं विरू न देता टिकवून धरली. पाहणं हे इथे सायकलच्या हँडलसारखं वापरलं गेलं, जरा झुकली की सरळ करायची.

उलट टोकाचा परिणामही आहे. बैद्यनाथ मिश्र आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९७७ मध्ये तो मांडला. सुदर्शन यांची संशोधनाची सुरुवातीची वर्षं टीआयएफआरमध्येच गेली होती. त्यांचं म्हणणं असं: एखादी क्वांटम गोष्ट बदलत असताना तिला पुन्हा पुन्हा, फार थोड्या थोड्या वेळानं मोजत राहिलं, तर तिचं बदलणंच थबकतं. मघाचं केंद्रक १८० अंश फिरू दिलं तर उत्तर हमखास उलट येतं. पण दर १० अंशांनी विचारत गेलं, तर अठराही वेळा मूळचंच उत्तर मिळण्याची शक्यता १०० पैकी ८७ असते. १९९० मध्ये अमेरिकेत बेरिलियमच्या आयनांवर हा परिणाम प्रयोगात दिसला. टक लावून पाहिल्यानं दूध उतू जात नाही असं आपण गमतीनं म्हणतो. इथं ते खरंच घडतं. फक्त टक लावणारा माणूस नसतो, लेझर असतो.

आकडे रस्त्यावर कधी येतात

हे सगळं तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरतं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्यातली क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळा, टीआयएफआर आणि टीसीएस यांनी मिळून ६ क्युबिटच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर झालं. क्युबिट टीआयएफआरमध्ये बनले, ते हाताळण्याची आणि मोजण्याची यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेनं उभारली, आणि बाहेरून प्रोग्रॅम पाठवण्याची क्लाऊड व्यवस्था टीसीएसनं केली.

६ क्युबिट म्हणजे ६४ शक्यता. आकडेमोड चालू असताना त्या सगळ्या एकत्र नांदू शकतात. 'क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम काढतो' हे वाक्य इथूनच येतं, आणि तेही अर्धवट आहे. शेवटी मोजावं लागतं, आणि मोजलं की ६४ पैकी एकच शक्यता हाती येते. म्हणून तोच प्रोग्रॅम हजारो वेळा चालवतात, आणि चुकीची उत्तरं आपसांत खोडली जाऊन बरोबर उत्तराचं वजन वाढेल अशी त्याची रचना करतात. या क्षेत्रातली खरी डोकेफोड तिथे आहे.

केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातलं संवेदन आणि मापन या विषयाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आलं. तिथली कल्पना तर सगळ्यात सरळ आहे. क्वांटम स्थिती धक्क्याला इतकी हळवी असते, तर तिलाच मोजपट्टी करा. ज्या हळवेपणामुळे क्युबिट बिघडतो, त्याच हळवेपणानं क्षीण चुंबकीय क्षेत्र पकडता येतं.

वाघ कधीच दोन्हीकडे का नसतो?

पुण्यातल्या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष इथं कामाला येतो. रात्री ट्रॅप कॅमेरा बंद असेल, पण वाघाला 'पाहणाऱ्या' इतर गोष्टी बंद नसतात. हवेचे रेणू त्याच्या अंगावर सतत आदळत असतात, चांदणं त्याच्यावरून परावर्तित होत असतं, त्याचं शरीर उष्णता बाहेर टाकत असतं. यातली प्रत्येक गोष्ट 'वाघ अलीकडे आहे' अशी नोंद घेऊन निघून जाते. या नोंदी इतक्या अफाट संख्येनं आणि इतक्या झपाट्यानं होतात, की वाघाला दोन्ही काठांच्या मिश्र स्थितीत राहायला सेकंदाचा अब्जावा भागही मिळत नाही. श्रोडिंगरच्या पेटीतल्या मांजराचंही तेच. पेटी उघडण्याची वाट बघायला नको, पेटीतली हवाच पुरेशी आहे.

याला डीकोहिरन्स म्हणतात. आइन्स्टाइन एकदा फिरताना सोबतच्या सहकाऱ्याला विचारत होते, की मी पाहतो तेव्हाच चंद्र असतो असं तुला खरंच वाटतं का? डीकोहिरन्सचं उत्तर असं, की चंद्रावर सूर्यप्रकाश पडतोय तोवर कुणी पाहायची गरज नाही. त्याच्या जागेची नोंद क्षणोक्षणी होतेच आहे. रील्समधल्या 'तुम्ही पाहता म्हणून जग आहे' या वाक्यातली हवा इथेच निघते.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर यानंही सगळं सुटत नाही. डीकोहिरन्स सांगतं, की ० आणि १ यांचं मिश्रण साध्या नाणेफेकीसारखं का दिसू लागतं. नाणं पडल्यावर छापच का आला, काटा का नाही, हे ते सांगत नाही. मोजमापाचा खरा प्रश्न म्हणून भौतिकशास्त्रज्ञ ज्याकडे बोट दाखवतात तो हाच. आणि त्यावर आजही एकमत नाही. काहींच्या मते असा प्रश्न विचारणंच चूक, सिद्धान्त फक्त निकालांच्या शक्यता सांगतो आणि तेवढं पुरे. काहींच्या मते दोन्ही निकाल घडतात, वेगवेगळ्या शाखांमध्ये. ही कल्पना १९५७ सालची, ह्यू एव्हरेटची. सिनेमावाल्यांनी तिचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

तिसरा पक्ष म्हणतो, क्वांटम मेकॅनिक्सचं समीकरणच किंचित अपुरं आहे. या पक्षाचं म्हणणं प्रयोगानं तपासता येतं, म्हणून तो जास्त लक्ष देण्याजोगा. १९८६ मध्ये इटलीच्या तीन शास्त्रज्ञांनी सुचवलं, की प्रत्येक कण आपोआप, कुणी न मोजताच, कधीतरी एका जागी 'ठरतो'. एका कणाच्या वाट्याला ही घटना सुमारे तीस कोटी वर्षांतून एकदा येते, त्यामुळे एकट्यादुकट्या अणूत ती दिसणारच नाही. पण २०० किलोच्या वाघात प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात एकावर एकोणतीस शून्यं इतके. त्यातला कुठला ना कुठला क्षणोक्षणी ठरतच असतो, आणि एक ठरला की तो सगळ्या वाघाला सोबत ओढतो. म्हणून वाघ एका जागी. मोजमापाला वेगळा नियमच लागत नाही.

या विचारधारेचा सविस्तर आढावा घेणारा आणि प्रयोगानं ती कशी तपासता येईल हे मांडणारा निबंध २०१३ मध्ये 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'मध्ये आला. त्याच्या पाच लेखकांमध्ये टीआयएफआरचे तेजिंदर सिंग होते, सोबत किंजल्क लोचन आणि सीमा साटिन. उरलेले दोघे इटलीतले अँजेलो बासी आणि इंग्लंडमधले हेंड्रिक उलब्रिख्ट.

कण असे आपोआप ठरत असतील तर त्यातून अगदी मंद प्रारणही बाहेर पडायला हवं. इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत जर्मेनियमचा शोधक वापरून त्याचा माग घेतला गेला. तसं प्रारण सापडलं नाही, आणि गुरुत्वाकर्षणामुळे कण ठरतात असं सांगणारी सर्वांत साधी कल्पना त्यानं निकालात निघाली. बाकीच्या अजून शर्यतीत आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे मोठ्यातली मोठी वस्तू घेऊन ती क्वांटम नियम कुठवर पाळते ते पाहणं. २०१९ मध्ये व्हिएन्नात सुमारे दोन हजार अणूंचे, हायड्रोजनच्या अणूपेक्षा पंचवीस हजार पट जड रेणू एकाच वेळी दोन वाटांनी गेल्यासारखे वागताना दिसले. नियम बदलतो ती सीमा तिथंही लागली नाही. आता उलब्रिख्ट यांच्यासारखे संशोधक निर्वात पोकळीत लेझरच्या झोतावर तरंगत ठेवलेल्या काचेच्या अतिसूक्ष्म मण्यांवर काम करताहेत. असा एकेक मणी त्या रेणूंपेक्षाही हजारो पटींनी जड असतो.